मारांडीवर कोयता चालवण्याआधी

खाडीकाठी रविवार घालवणाऱ्या मित्रमैत्रिणींना,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. राहायला मुलुंड पूर्वेला. शाळेत २७ वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून जमेल त्या रविवारी गमबूट चढवून तुमच्याबरोबर खाडीवर येते. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, कधी पूल ओलांडून ऐरोली, क्वचित माहीम नाहीतर वर्सोवा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी नावानं ओळखत नाही, पण चिखलात पाय रुतला की कोण धावून हात देतं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या हातांबद्दल मला माया आहे. म्हणूनच एक गोष्ट मनात न ठेवता सांगून टाकते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भांडुपच्या बाजूला एका नाल्याच्या तोंडाशी खाडीसफाईची मोठी मोहीम होती. मला पोहोचायला तासभर उशीर झाला. पोहोचले तोवर नाल्याच्या डाव्या काठावरची मारांडी, म्हणजे खारफुटीतलं एक काटेरी झुडूप, कापून झाली होती. तीसेक पावलं लांबीची, कमरेइतकी उंच, फुलाकळ्यांनी भरलेली अख्खी रांग. दोन कॉलेजची मुलं घामाघूम होऊन कोयते पुसत उभी होती. दुपारपर्यंत इथे रोपं लावायची आहेत, जागा मोकळी करून द्या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी सांगितलेलं काम मन लावून केलं होतं. त्यातल्या एकानं मला विचारलं, "काकू, हे रानटीच आहे ना? नुसते काटे आहेत." कापलेल्या ढिगावर एक काळा भुंगा घिरट्या घालत होता. कोमेजायला लागलेल्या एका फुलात डोकं घालून बघायचा, उडायचा, परत यायचा. मला त्या मुलाला पटकन उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलेली मी, आणि ऐन वेळी शब्द सापडेना. हे पत्र म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी तिची नीट ओळख करून देते, कारण तिथेच सगळं अडलंय. खारफुटीतल्या झाडांपैकी तिवर आपल्याला ओळखता येतो, चिपी येते, कांदळाच्या लांब लोंबत्या शेंगांचे फोटो तर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात. मारांडीचं नाव मात्र दहा जणांना विचारलं तर एखाद्यालाच सांगता येतं. कोणी मोरांडीही म्हणतात. शास्त्रीय नाव अकॅन्थस इलिसिफोलियस, लिनियसनं १७५३ साली दिलेलं. त्यातला पहिला शब्द ग्रीक भाषेतल्या काट्यावरून आलाय आणि दुसरा सांगतो की हिची पानं हॉलीच्या पानांसारखी आहेत. नाताळच्या शुभेच्छापत्रावर लाल फळांशेजारी काढलेलं ते कंगोरेदार, टोकदार पान आठवा, म्हणजे मारांडीचं पान डोळ्यांपुढे येईल. ग्रीक धाटणीच्या खांबांच्या माथ्यावर जी वळलेली पानं कोरलेली असतात, तीही हिच्याच एका भूमध्यसागरी बहिणीची.

पण आपल्याला जवळची नाती वेगळी आहेत. अडुळसा, कोरांटी आणि कारवी ही मारांडीची भावंडं, एकाच कुळातली. जनुकांचा अभ्यास झाल्यापासून आपल्या तिवरालाही वनस्पतिशास्त्रज्ञ याच कुळात धरतात. २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली तेव्हा आपण सगळे सुट्ट्या काढून बघायला गेलो होतो. आठ वर्षांनी येणारी ती निळाई बघायला जायलाच हवं. पण तिची सख्खी चुलत बहीण तिथून काही किलोमीटरवर, एक्स्प्रेस हायवेच्या पलीकडे, दर उन्हाळ्यात जवळपास त्याच रंगात फुलते आणि आपण तिच्यातून वाट काढायला कोयता मागवतो, हे माझ्या पोटात ढवळून काढतं.

तिचं फूल एकदा वाकून बघा. फार तर चार सेंटिमीटरचं असेल. निळसर जांभळं, मधोमध फिकट पट्टा. बहुतेक फुलांना वर एक आणि खाली एक असे दोन ओठ असतात, तसे तिच्या भावंडांत दिसतात. मारांडीला वरचा ओठच नाही. नुसती खालची रुंद पाकळी, पुढे लोंबलेली, एखाद्या घराच्या ओट्यासारखी. त्या ओट्याच्या मागे चार जाड, ताठ पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे असतात आणि त्यांच्या टोकांना दाट केस असतात, दात घासायच्या ब्रशसारखे. मध आहे तो त्यांच्या मागे, खोल. किरकोळ माशीला ते दार ढकलता येत नाही. तिथे ताकदीचा गडी लागतो आणि तो म्हणजे काळा भुंगा, लाकूड पोखरून घर करणारा. तो ओट्यावर उतरतो, खांदे घुसवतो, पुंकेसर बाजूला सरतात आणि त्याच्या पाठीवर परागांची पूड सांडते. पुढच्या फुलात तो तीच पाठ घेऊन शिरतो. शिंजीर पक्षीही मधासाठी येतात, पण भुंग्याचं ते धसमुसळं काम बघत मी अर्धा अर्धा तास उभी राहिले आहे.

आता या भुंग्याचं घर कुठे? वाळक्या लाकडात. खाडीत मेलेला, वठलेला तिवराचा ओंडका असतो ना, जो आपण सफाईत "कचरा" म्हणून ट्रॅक्टरमध्ये चढवतो, त्यालाही तो भोक पाडून राहू शकतो. बोट आत जाईल एवढं गोल, जणू ड्रिलनं पाडलेलं भोक दिसलं तर तो ओंडका कृपा करून जागच्या जागी राहू द्या. प्लास्टिक हा कचरा आहे. लाकूड खाडीचं आहे.

मारांडी कुठे उगवते हे समजलं की ती काय करते तेही समजतं. खाडीत आतपर्यंत, जिथे भरतीचं पाणी रोज दोनदा येतं तिथे तिवर आणि चिपी पाय रोवून उभे असतात. मारांडी सहसा जमिनीच्या अंगाला असते. नाल्यांच्या तोंडाशी, मिठागरांच्या बांधांवर, जिथे वरून येणारं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथे. ठाण्याच्या दिशेनं खाडी अरुंद होत जाते तशी ती जास्त दिसू लागते. वीत-दीड वीत जागा मिळाली तरी ती सुरुवात करते. तिवरासारखी श्वासमुळं तिला नाहीत. ती आडवी होते, कलते, आणि जिथे खोडाचं पेर चिखलाला टेकतं तिथे मुळं सोडते. खालच्या पेरांतून टेकूसारखी मुळं फुटतात. पाच-सात वर्षांत एकीची पंचवीस झालेली असते आणि सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. हे जाळं दीड मीटरपर्यंत उंच होतं, एखाद्या जागी थोडं जास्तही. भरतीचं पाणी त्यातून शिरताना मंदावतं, पाण्यातला गाळ खाली बसतो, आणि पावसाळ्यात नाला फुगून येतो तेव्हा काठाची माती धरून ठेवायला हे जाळं असतं.

मीठ ती पितेही आणि टाकतेही. तिच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी आहेत. मुळांतून आलेलं जादा मीठ त्यांतून बाहेर पडतं. मेच्या दुपारी पान तिरकं धरून बघा, बारीक कण चकाकतात. मी शाळेतल्या मुलांना खाडीवर आणायचे तेव्हा त्यांना स्वच्छ जागेवरच्या पानाला जिभेचं टोक लावायला सांगायचे. आता नाल्याच्या पाण्याची अवस्था बघता तसं कुणाला सांगायची माझी छाती होत नाही. बोट फिरवून खरखर बघा, तेवढं पुरे.

आणि काटे. त्या मुलाला सगळ्यात जास्त खटकले ते काटे. तेही ठरलेले नसतात. उघड्यावर, खारट जागी वाढलेल्या मारांडीची पानं करवतीसारखी असतात, पेरांवरही अणकुचीदार जोड्या. तीच मारांडी मोठ्या झाडाच्या सावलीत, गोड्या पाण्याजवळ वाढली की पान जवळजवळ गुळगुळीत होतं, इतकं की ओळखू येऊ नये. एकाच नाल्यावर वीस पावलांच्या अंतरात मी दोन्ही दाखवू शकते. म्हणजे जी मारांडी तुम्हाला बोचते ती बहुधा सगळ्यात कठीण जागी उभी असलेली मारांडी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मारांडी आपल्याला नकोशी का वाटते? खरं सांगायचं तर काट्यांमुळे कमी, आणि तिच्या अंगावरच्या घाणीमुळे जास्त. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, डायपर, फाटक्या साड्या, सगळं तिच्यात अडकलेलं असतं. ओहोटीला ते लक्तरांसारखं लोंबतं. बघवत नाही. पण क्षणभर विचार करा की ते तिच्यात अडकलं नसतं तर कुठे गेलं असतं. नाल्यातून आलेलं प्लास्टिक भरतीबरोबर आत, तिवरांच्या पायाशी गेलं असतं. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, त्यांच्यावर एक मोठी पिशवी पसरली की त्यांची हवा बंद होते. तिवर त्यावर लगेच काही बोलत नाही, हळूहळू वाळतो. मारांडी त्या पिशव्या दारातच धरते. आपण तिला घाण समजतो, कारण शहराची घाण तिच्या अंगावर दिसते.

त्या नाल्यावर पुढे काय झालं तेही सांगते. कापलेल्या जागी तिवराची रोपं लावली. ओळीत, बांबूच्या काठ्या टेकूला, प्रत्येक रोपाशेजारी लावणाऱ्याच्या नावाची पाटी. पावसाळ्यात मी पाच-सहा वेळा जाऊन आले. जुलैच्या एका उधाणानंतर बहुतेक रोपं पिशव्यांखाली होती. मी आणि एक शेजारीण मिळून जमतील तेवढी सोडवली. दिवाळीत मोजली तेव्हा नऊ उरली होती. नाल्याचा काठ दोन हात आत ढासळला होता, मारांडीची मेलेली मुळं हवेत लोंबत होती. उजव्या काठावरची मारांडी मात्र तशीच होती, कचऱ्यानं माखलेली, उभी. आणि तिच्या मुळांत कोणी न लावलेली तिवराची चार रोपं आली होती. भरतीनं आणलेलं बी तिथे थांबलं, गुरांचं तोंड तिथे पोहोचलं नाही. एका नाल्यावरून शास्त्र मांडता येत नाही हे मला कळतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं विसरताही येत नाही.

तिच्या बुडाशी कोण कोण राहतं तेही बघायला हवं. चेंदणी कोळीवाड्यातून खेकडे धरायला येणाऱ्या एका मावशींनी मला पहिल्यांदा दाखवलं. मी पिशवी ओढायला मारांडीच्या मुळाशी हात घालत होते, त्या ओरडल्याच, "बाय, हात नको घालू! चिंबोरीचं घर हाय तं." त्यांच्या हातातली लोखंडी आकडी त्यांनी बिळात अलगद सारली आणि आतून कट्ट असा आवाज आला, खेकड्यानं आकडी पकडल्याचा. ओहोटीच्या वेळी त्याच सावलीत निवट्या मासे चिखलावर सरपटताना दिसतात. पाणकोंबडी पिलांना घेऊन तिथे लपते. वटवटे पक्षी पावसाळ्यात अशा झुडुपांत घरटी करतात. पहाटे लवकर गेलात तर चिखलात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे मिळतील. मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत हे आता बातम्यांमुळे बहुतेकांना माहीत झालंय. दिवसा उजेडी त्यांनाही काटेरी आडोसा लागतोच.

याच मावशींनी मला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. ढोबळ हिशेब आहे, पण मोबाइलची बॅटरी संपली तरी चालतो. म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी पहाटे ओहोटी असते आणि दहानंतर पाणी भराभर चढतं. अष्टमीच्या रविवारी सकाळी आपण पोहोचतो तेव्हा खाडी भरलेली असते आणि मग घाई होते. घाईतच फांद्या मोडतात, घाईतच कोयता काढला जातो. मोहिमेची तारीख ठरवताना कॅलेंडरवर सुट्टीबरोबर तिथीही बघितली तर निम्मं नुकसान तिथेच टळेल.

तारखेवरून आठवलं. २६ जुलै. मुंबईकराला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठीचे काठ, खाजणं आणि खारफुटी आपण कशी बुजवली याची चर्चा घराघरांत पोहोचली. पुढे २०१५ मध्ये युनेस्कोनं कांदळवन संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय दिवस जाहीर केला, तोही २६ जुलै. तेव्हापासून त्या आठवड्यात आपल्याकडे मोठमोठ्या मोहिमा निघतात. भावना चांगली आहे. पण पावसाच्या त्या दिवसांत मारांडीची फळं तडकत असतात. तिचं फळ चकचकीत, तपकिरी, अंगठ्याच्या पेराएवढं, आत चार चपट्या बिया. कांदळाचं रोप आईच्या अंगावरच रुजतं, तसं हिचं नाही. फळ वाळतं आणि फटकन फुटतं. बियांच्या खाली आकड्यांसारखे बारीक दांडे असतात, ते बियांना उडवून देतात, दोन मीटरपर्यंतही. शांत दुपारी तो आवाज ऐकू येतो, कोणी नख वाजवावं तसा. पावसानं खाडीतला खारटपणा उतरलेला असतो, रुजायला तीच वेळ बरी. त्याच चिखलात आपण शे-दोनशे जण गमबूट घालून उतरलो तर त्या वर्षीच्या रोपांवरून चालत गेलो असं होतं. माझी विनंती आहे की जुलै-ऑगस्टमध्ये आत उतरू नये. त्या दिवसांत हायवेच्या अलीकडे, नाल्यात जिथे कचरा पडतो तिथे, वस्त्यांत, सोसायट्यांत, बाजारात काम करू या. आत जायचं ते थंडीत, फूल येण्याआधी.

काही जण म्हणतील, मारांडी माजते. त्यात तथ्य आहे. जिथे तिवर तोडला गेलाय किंवा गाळ फार साचलाय तिथे ती वेगानं पसरते, आणि दाट झाली की मोठ्या झाडांच्या रोपांना उजेड मिळत नाही. श्रीलंकेपासून मलेशियापर्यंत वनाधिकाऱ्यांना हा अनुभव आलेला आहे. तिला खरी खारफुटी म्हणायचं की खारफुटीची सोबतीण, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कुठल्या जागी ती विरळ करायची, किती आणि कधी, हा निर्णय ज्यांनी त्या जागेचा दोन-चार वर्षं अभ्यास केलाय त्यांनी, वनखात्याच्या परवानगीनं घ्यायचा आहे. रविवारी सकाळी चहाबिस्किटांनंतर घ्यायचा नाही. आणि ती जिथे माजलेली दिसते तिथे आधी असा प्रश्न विचारायला हवा की इथे तिवर कोणी तोडला, इथे इतकं गोडं सांडपाणी कुठून येतंय? मारांडी त्या दुखण्याचं लक्षण आहे. लक्षण कापून दुखणं जात नाही.

कायद्याचंही सांगते, कारण त्या दिवशी कोयता धरलेल्या मुलांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल देऊन राज्यभरातल्या खारफुटीची तोड थांबवली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. खाडीकाठच्या पट्ट्यातलं झाड छोटं आहे, फांद्या काटेरी आहेत, म्हणून ते कापायची मोकळीक कोणाला मिळत नाही. चांगल्या हेतूनं कापलं तरी नाही. कॉलेजच्या मुलांच्या हातात हत्यार देताना आयोजकांनी एवढा विचार करायलाच हवा, कारण उद्या गुन्हा नोंदवला गेला तर त्यात त्या मुलांची नावं येतील.

पण कायदा खाडीत रोज उभा राहू शकत नाही. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. हे सगळं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. तरी हेक्टर मोजताना वरून झाडांचे माथे दिसतात. माथ्याखालची, काठावरची, कमरेएवढी मारांडी त्या आकड्यात वेगळी दिसत नाही. ती गेली तर आकडा हलणार नाही. ती गेल्याचं कळेल ते फक्त तिथे चालत जाणाऱ्यांना, म्हणजे तुम्हाला आणि मला. म्हणून हे पत्र कुठल्या खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

मारांडीतून कचरा काढता येतो. वेळ लागतो, एवढंच. मी आणि दोघी-तिघी हल्ली हेच काम करतो. जाड चामड्याचे हातमोजे, बागेतली छोटी कात्री आणि टोकाला वाकवलेली तार लावलेली काठी. पिशवी ओढायची नाही, ओढली की फांदी मोडते आणि पिशवीही फाटून निम्मी आतच राहते. कात्रीनं पिशवी कापायची, तुकड्या-तुकड्यानं सोडवायची. कात्री फक्त प्लास्टिकसाठी, हे आम्ही एकमेकींना सारखं बजावतो. मुळाशी हात न घालता काठीनं आधी चाचपायचं, चिंबोरीलाही त्रास नको आणि बोटालाही. रुतलेलं, गाळाखाली गेलेलं प्लास्टिक उपटत बसायचं नाही, त्याबरोबर काठाची माती येते. आत जायला एकच पायवाट ठरवायची आणि सगळ्यांनी तिथूनच जायचं. या पद्धतीनं तीन तासांत आमच्या चौघींची जेमतेम सहा पोती भरतात. मोहिमेच्या आकड्यांपुढे ही संख्या काहीच नाही, फोटोतही उठून दिसत नाही. पण मागे मारांडी उभी असते.

आणि रोपं लावायची असतील तर आधी जागेला विचारा. जिथे मारांडी आहे तिथे जागा रिकामी नाही. जिथे उघडा चिखल आहे तीही रिकामी नाही, हिवाळ्यात पाणपक्षी तिथेच चरतात. भरतीचं पाणी जिथे मोकळेपणी येतं तिथे खाडी आपलं बी आपण पेरते. ज्या ठिकाणी बांध घालून किंवा भराव टाकून ते पाणी अडवलंय, तिथे वाट मोकळी व्हावी म्हणून पाठपुरावा करणं हे शंभर रोपांपेक्षा मोठं काम आहे. कंटाळवाणं आहे, अर्ज लिहावे लागतात, पण त्यासाठी आपल्यात निवृत्त माणसं पुष्कळ आहेत. मी स्वतः अर्ज लिहून द्यायला तयार आहे. अक्षर अजून चांगलं आहे.

त्या नाल्याच्या डाव्या काठावर यंदा जानेवारीत मी गेले होते. ढासळलेल्या कडेच्या थोडं वर, कापलेल्या एका बुंध्यातून दोन फुटवे आले आहेत. कोवळी पानं अजून मऊ आहेत, काटे धरायला वेळ आहे. त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक मी काढलं आणि तिथे एक लाल फडकं बांधून ठेवलंय, म्हणजे कोणाचा पाय पडू नये. कोयता पुसत उभा असलेला तो मुलगा हे वाचत असेल तर त्यानं मला जरूर भेटावं. मला त्याच्यावर जराही राग नाही. त्याला ते फुटवे दाखवायचे आहेत. उन्हाळ्यात उजव्या काठावर फुलं येतील, सकाळी आठच्या आत यायचं, भुंगा तेव्हा कामावर असतो. मी कात्री आणि जादा हातमोज्यांची जोडी घेऊन येते.

तुमचीच,
मुलुंड पूर्वेची एक निवृत्त शिक्षिका